टेबलाच्या दोन बाजू



नगरसेवकाचं चरित्र लिहायची आपल्याकडे रीत नाही. आमदार-खासदारांचे गौरवग्रंथ निघतात, त्यांच्या पुतळ्यांसाठी समित्या नेमल्या जातात. नगरसेवक गेला की चाळीच्या तोंडाशी चार दिवस काळा फलक लागतो आणि त्याचं काम गटाराच्या झाकणात, नळाच्या जोडणीत, इस्पितळात मिळवून दिलेल्या एखाद्या खाटेत विरून जातं. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनीही हयातभर वॉर्डातलंच राजकारण केलं. म्हणून मी आज एका वॉर्डातल्याच माणसाबद्दल बोलणार आहे. तो आपल्या मुलखातला नाही. लंडनच्या पूर्व टोकाला पॉपलर नावाची गोदी-कामगारांची वस्ती होती, तिथला. त्याचं नाव विल क्रूक्स. जन्म १८५२, मृत्यू १९२१.

इंग्लंडच्या मजूर चळवळीत याहून मोठी नावं आहेत, हे मला ठाऊक आहे. केर हार्डी आहे, जॉर्ज लॅन्सबरी आहे. तरी मला क्रूक्स निवडावासा वाटला, कारण त्याच्या आयुष्यात एक प्रश्न अगदी उघडा दिसतो. ज्या टेबलापुढे लहानपणी आपण आईचा पदर धरून उभे होतो आणि पलीकडच्या माणसांनी आपला निकाल लावला, त्याच टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत एक दिवस आपण बसलो, तर काय करायचं? कामगारांतून निवडून आलेल्या प्रत्येक माणसापुढे हा प्रश्न येतो. बहुतेकांच्या बाबतीत तो धूसर असतो. क्रूक्सच्या बाबतीत टेबल तेच होतं.

आधी पॉपलर डोळ्यांसमोर आणा. थेम्स नदी तिथे एक मोठं वळण घेते आणि त्या वळणाभोवती गोद्या, जहाजांचे कारखाने, दोरखंडांची आणि पिंपांची दुकानं. ईस्ट इंडिया कंपनीची गलबतं ज्या ब्लॅकवॉलच्या धक्क्यावरून आपल्याकडे निघत, तो धक्का याच भागातला. आपली माणसंही तिथल्या रस्त्यांवर दिसत. जहाजांवर काम करणारे कोकणातले खलाशी लंडनच्या गोद्यांत उतरायचे. परतीचं जहाज मिळेपर्यंत अडकून पडलेल्या आशियाई खलाशांसाठी पॉपलरला लागूनच, वेस्ट इंडिया डॉक रस्त्यावर, १८५७ साली एक वसतिगृह उघडलं होतं. रत्नागिरीच्या खलाशाने आणि पॉपलरच्या हमालाने एकाच धुक्यात विडी ओढली असेल, पण एकाच सभेत ते बसल्याचं मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही.

विलचा बाप आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. पोरगा तीन वर्षांचा असताना यंत्राला तेल घालताना कुणीतरी यंत्र सुरू केलं आणि बापाचा एक हात गेला. नुकसानभरपाई वगैरे भाषा तेव्हा नव्हती. सात भावंडं. आई मेणकापडाचे कोट शिवायची, रात्र-रात्र. एका रात्री पोराला जाग आली तर आई दिव्यापाशी रडत होती. उद्याचं जेवण कुठून आणायचं, एवढीच तिची चिंता होती. ही आठवण क्रूक्सने पुढे आयुष्यभर सांगितली. सभेत सांगितली, संसदेत गेल्यावरही सांगितली.

आता थोडं कायद्याबद्दल बोलायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंग्लंडात १८३४ साली गरिबांसाठी नवा कायदा झाला. त्याचं तत्त्व असं की सरकारी मदत घेणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहूनही वाईट दिसली पाहिजे, म्हणजे लोक मदत मागायला कचरतील. त्यासाठी वर्कहाऊस, म्हणजे सक्तीच्या कामाचे गरीबखाने. आत गेलं की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. अंगावर गणवेश. ताटात मोजून मापून. हे सगळं चालवायला भागाभागात गार्डियन मंडळ असायचं आणि ते घरपट्टी भरणारे लोक निवडत. त्यातही ज्याची मालमत्ता मोठी त्याची मतं जास्त. थोडक्यात, ज्यांच्या खिशातून पैसे जायचे तेच ठरवायचे की उपाशी माणसाला किती भाकरी द्यायची. या रचनेत क्रूरपणा करायला कुणी दुष्ट असण्याची गरज नव्हती. हिशोब चोख ठेवणारा सज्जन माणूसही पुरेसा होता.

क्रूक्स कुटुंबाला सुरुवातीला घरबसल्या थोडी मदत मिळायची. काही शिलिंग, काही पाव. १८६१ मध्ये मंडळाने ती थांबवली आणि मुलांना आत पाठवा म्हणून सांगितलं. आईने जमेल तेवढं ताणून धरलं, मग हात टेकले. अपंग बाप आणि मुलं पॉपलरच्या वर्कहाऊसमध्ये गेली. विल तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. तिथून त्याला लंडनच्या दक्षिणेला सटन इथल्या गरिबांच्या निवासी शाळेत पाठवलं. धाकटा भाऊ सोबत होता, पण दोघांना वेगळं ठेवलं. त्या शाळेतला प्रत्येक दिवस आपल्या काळजावर डागासारखा आहे, असं तो म्हातारपणीही सांगे. आईने शिवण वाढवून, एक स्वस्त खोली घेऊन सगळ्यांना परत घरी आणलं. ही बाई लिहिता न येणारी. मुलगा तिची पत्रं लिहायचा. तिचं चरित्रही कुणी लिहिलेलं नाही, हे जाता जाता सांगतो.

पुढचा भाग आपल्यापैकी अनेकांच्या घरात घडलेला आहे, म्हणून भरभर जातो. वाण्याकडे पोऱ्या, मग लोहाराच्या भट्टीवर, चौदाव्या वर्षी पिंप बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी. पिंपाची कारागिरी सोपी नाही. लाकडाच्या पट्ट्या वाकवून, लोखंडी कड्यांत आवळून असं भांडं करायचं की दारूचा थेंब गळता कामा नये, आणि त्यात कुठे खिळा नाही, डिंक नाही. मजुरी बरी होती. वाचनाचं वेड होतं. जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर दोन पेनीला होमरचं ‘इलियड’ मिळालं आणि तो हरखून गेला, असं त्याने सांगितलं आहे. एकोणिसाव्या वर्षी लग्न.

मग नोकरी गेली. कारण ठराविक: जास्तीच्या तासांना विरोध केला, आणि हलक्या प्रतीचं लाकूड वापरायला नकार दिला. यातला दुसरा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मालाची प्रत ही मालकाची बाब, कामगाराने फक्त मजुरीबद्दल बोलावं, असं आपल्या युनियनांनीही पुष्कळदा मानलं. चांगला कारागीर तसं मानत नाही. त्याच्यावर चळवळ्या म्हणून शिक्का बसला आणि लंडनमधल्या एकाही मालकाने त्याला दाराशी उभं केलं नाही. तो पायी लिव्हरपूलला गेला. लंडनहून लिव्हरपूल तीनशे किलोमीटरच्या वर आहे. तिथे काम मिळालं, बायको-मुलं आली, आणि तिथेच एक मूल दगावलं. घर परत लंडनला आलं. पुन्हा कामासाठी वणवण, गोदीच्या दरवाजावर पहाटे बदली कामगारांच्या गर्दीत उभं राहणं, हात वर करणं, फोरमनची नजर आपल्यावर पडते का ते बघणं. आपल्या गिरण्यांच्या दारात जॉबरने बदलीवाल्यांना जसं उभं केलं, तसंच. बेकार माणूस आळशी असतो असं त्याच्यापुढे कुणी म्हटलं तर तो पुढे जन्मभर चिडायचा. त्याचं म्हणणं असे की काम करण्यापेक्षा काम शोधणं जास्त दमवतं.

काम मिळून घडी बसल्यावर त्याने एक गोष्ट सुरू केली जी मला त्याच्या सगळ्या पदांपेक्षा मोठी वाटते. ईस्ट इंडिया डॉकच्या दरवाजासमोर दर रविवारी सकाळी तो उभा राहून बोलायचा. लोक त्या जागेला ‘क्रूक्सचं कॉलेज’ म्हणू लागले. विषय काहीही असे: घरपट्टी कुठे जाते, वाणी मापात कसा मारतो, गार्डियन मंडळाच्या बैठकीत काल काय झालं, दारू, सहकारी दुकान, संप. तो विनोदी बोलायचा. ठेका धरून, नक्कल करून, स्वतःची फजिती सांगून. दाढीवाला, बुटका, हसतमुख माणूस, आणि बोली तिथलीच. त्याने तिथे क्रांतीची हाक दिली नाही. मंडळाचं अंदाजपत्रक फोडून सांगितलं. वर्षानुवर्षं. नगरपालिकेचा हिशोब हा ऐकण्यासारखा विषय असतो आणि तो ऐकायला रविवारी सकाळी झोपमोड करून हमाल येतात, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला. आता बसला आहे, कारण पुढच्या निवडणुकांचे आकडे दुसऱ्या कशाने समजत नाहीत.

१८८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोदी कामगारांचा मोठा संप झाला. तासाला सहा पेनी ही मागणी. जवळजवळ पाच आठवडे गोद्या बंद राहिल्या आणि मागणी पदरात पडली. बेन टिलेट, जॉन बर्न्स, टॉम मॅन ही त्या संपाची गाजलेली नावं. क्रूक्स गोदीत कामाला नव्हता. दिवसभर पिंपांचं काम करून संध्याकाळी आणि रात्री सभा घ्यायचा, निधी गोळा करायचा. संप संपला आणि तो कोसळला. कित्येक आठवडे व्हाइटचॅपलच्या लंडन हॉस्पिटलमध्ये होता. पण त्या संपाने पॉपलरला एक खात्री दिली. आपण पोटासाठी एकत्र येऊ शकतो, तर मतासाठीही येऊ.

तीन वर्षांनी, १८९२ मध्ये, लंडन काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे सगळ्या लंडनचा कारभार पाहणाऱ्या सभेच्या, निवडणुकीला क्रूक्स उभा राहिला आणि निवडून आला. अडचण अशी की सदस्याला पगार नव्हता. श्रीमंताला त्याचं काही वाटत नाही; पिंप बनवणाऱ्याचा मात्र एक दिवस बुडाला तर चूल बुडते. तेव्हा पॉपलरच्या कामगारांनी फंड काढला. सभासदांकडून पेन्या गोळा करून त्याला आठवड्याला सुमारे तीन पौंड द्यायचे, आणि त्याने पूर्ण वेळ कौन्सिलचं काम करायचं. ब्रिटनमध्ये खासदारांना पगार १९११ साली सुरू झाला. त्याच्या एकोणीस वर्षं आधी एका वस्तीने आपल्या नगरसेवकाचा पगार स्वतःच्या खिशातून द्यायला सुरुवात केली होती. ज्याच्या पेनीवर आपण जगतो तो रविवारी सकाळी डॉकच्या दरवाजावर समोर उभा असणार, ही जाणीव कुठल्याही आचारसंहितेपेक्षा कडक असते. आज नगरसेवकाला मानधन मिळतं, भत्ते मिळतात, हे योग्यच झालं. फक्त त्या बदलात दर आठवड्याला तोंड दाखवण्याची सक्ती कुठे गेली, याचा विचार कुणीतरी करावा.

इथे मुंबईकडे एक नजर टाकू. क्रूक्सपेक्षा चार वर्षांनी मोठे असलेले आपले नारायण मेघाजी लोखंडे त्याच काळात गिरणी कामगारांसाठी सह्या गोळा करत होते, ‘दीनबंधु’ वृत्तपत्र चालवत होते. १८८४ ला त्यांनी बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन उभी केली, १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली आणि १८९७ मध्ये प्लेगात काम करता करता गेले. लोखंड्यांची कुवत क्रूक्सपेक्षा कमी होती असं म्हणायला मी तयार नाही. पण मुंबईचा १८८८ चा पालिका कायदा कर भरणाऱ्यांसाठी होता. गिरणी कामगाराला मत नव्हतं. प्रौढ मतदानाने मुंबई पालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. म्हणजे लोखंडे अर्ज करू शकत होते, सरकारी चौकशी आयोगासमोर बाजू मांडू शकत होते. टेबलाच्या पलीकडे बसण्याची वाट त्यांना आणि त्यांच्या माणसांना बंद होती. दोन शहरांच्या कामगार चळवळींची तुलना करताना हा फरक आधी मांडायला हवा, बाकी स्वभाव-संस्कृतीच्या गप्पा नंतर.

परत पॉपलरला येऊ. काउंटी कौन्सिलवर क्रूक्सने पुष्कळ केलं. खोट्या वजन-मापांविरुद्ध मोहीम, कौन्सिलच्या ठेकेदारांनी युनियनच्या दराने मजुरी द्यावी असा आग्रह, बागा, आणि थेम्सखालून पॉपलर ते ग्रिनिच जाणारा ब्लॅकवॉल बोगदा, जो १८९७ ला खुला झाला आणि आजही वापरात आहे. पण या सगळ्याची गंमत १८९३ मधल्या एका घटनेपुढे फिकी आहे. गार्डियन होण्यासाठीची मालमत्तेची अट खाली आली आणि क्रूक्स पॉपलरच्या गार्डियन मंडळावर निवडून आला. त्याच्याबरोबर जॉर्ज लॅन्सबरी. त्या मंडळावर बसलेले हे पहिले कामगार. पुढे क्रूक्स त्याच मंडळाचा अध्यक्ष झाला आणि १९०६ पर्यंत राहिला. आईला जिथे उभं केलं होतं, त्या टेबलाच्या डोक्याशी आता तो.

आत गेल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं? ठराव मांडला नाही, घोषणा दिली नाही. स्वयंपाकघरात गेला. वर्कहाऊसमध्ये सकाळ-संध्याकाळ ओटची पातळ पेज मिळायची. त्या पिठात उंदराच्या लेंड्या होत्या. लोकांच्या अंगावर चिंध्या, पायातले जोडे मापाचे नाहीत, काहींच्या पायात काहीच नाही. नव्या गार्डियनांनी विचारलं तेव्हा व्यवस्थापनाने नियमांकडे बोट दाखवलं. मग क्रूक्स नियमच वाचत बसला. त्याला आढळलं की सरकारचे नियम वर्कहाऊसमधल्या रिवाजापेक्षा बरेच माणुसकीचे आहेत. ते कुणी वाचलेच नव्हते. कामगार प्रतिनिधीचं निम्मं काम हे असतं, असं मला वाटतं. जो कायदा आहे तो टेबलावर उघडून ठेवायचा.

हळूहळू अन्न सुधारलं, पाव चांगला आला, कपडे बदलले, गरिबीचा शिक्का मारणारा गणवेश गेला. म्हाताऱ्यांना चहा, साखर, तंबाखू मिळू लागला. यावर किती चर्चा झाली असेल! घरपट्टी भरणाऱ्यांच्या पैशातून तंबाखू? क्रूक्सचं उत्तर असं की ज्याने साठ वर्षं गोदीत पाठ मोडली त्याने घरपट्टी भाड्यातून भरलेलीच आहे. मुलांच्या बाबतीत तर तो हट्टी होता. सटनची शाळा त्याच्या मनातून गेली नव्हती. वर्कहाऊसच्या मुलांना साधे कपडे, खेळ, पोहणं, बाहेरच्या मुलांत मिसळणं, हे त्याने आणि लॅन्सबरीने आणलं, आणि एसेक्समध्ये हटन इथे मुलांसाठी बांधलेली नवी वसाहत १९०६ मध्ये उघडली. ती इतकी चांगली होती की वर्तमानपत्रांनी तिला महाल म्हणून हिणवलं. बेकारांसाठीही काहीतरी हवं होतं. जोसेफ फेल्स नावाच्या साबणाच्या अमेरिकन कारखानदाराने १९०४ मध्ये एसेक्समधल्या लेनडन इथे जमीन घेऊन दिली आणि तिथे पॉपलरच्या बेकारांची शेती सुरू झाली. हमाल शेतीत कितपत रमले हा वेगळा विषय. मला ती कल्पना थोडी पुस्तकीच वाटते.

याच काळात तो १९०१ मध्ये पॉपलरचा महापौर झाला. लंडनच्या बरोंमधला, म्हणजे स्थानिक पालिकांमधला, पहिला मजूर महापौर. १९०३ च्या मार्चमध्ये वुलिचच्या पोटनिवडणुकीत तो संसदेत गेला. वुलिच म्हणजे सरकारी तोफखान्याचं, शस्त्रांच्या कारखान्याचं गाव, हुजूर पक्षाचा बालेकिल्ला. क्रूक्सला ८,६८७ मतं, विरोधकाला ५,४५८. चार वर्षांनी जॉर्ज हॉ या पत्रकाराने त्याचं चरित्र लिहिलं, ‘वर्कहाऊस ते वेस्टमिन्स्टर’ अशा अर्थाच्या नावाचं. त्याला चेस्टरटन या लेखकाने प्रस्तावना दिली. त्यातल्या बऱ्याच गोष्टी मी इथे सांगितल्या. ते पुस्तक भक्तिभावाने लिहिलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचावं.

१९०५ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्व लंडनच्या हजारो बायका बेकारांसाठी काम मागायला पंतप्रधान बाल्फोरकडे मोर्चाने गेल्या. त्यामागे क्रूक्स आणि लॅन्सबरी होते. बाल्फोर यांनी सहानुभूती दाखवली आणि काही दिलं नाही. तो महिना संपल्यावर लवकरच त्यांचं सरकारही गेलं.

आणि मग व्हायचं ते झालं. खर्च वाढला होता, घरपट्टी वाढली होती, व्यापाऱ्यांची संघटना तक्रारी करत होती. १९०६ च्या उन्हाळ्यात सरकारने जे. एस. डेव्ही या अधिकाऱ्याकडून पॉपलरच्या गार्डियनांची चौकशी केली. हा अधिकारी १८३४ च्या तत्त्वावर निष्ठा असलेला. साक्षी-पुरावे उघड झाले, वर्तमानपत्रांत रोज मथळे. बियर किती प्यायली, लोणी कुठल्या प्रतीचं घेतलं, ठेके कुणाला दिले. काही गोष्टी खरोखरच ढिल्या होत्या. ठेके देण्यात शिस्त नव्हती, हिशोब सैल होते. क्रूक्स किंवा लॅन्सबरीने स्वतःच्या खिशात पेनी घातल्याचं मात्र कुणी दाखवू शकलं नाही. ठपका होता तो उदारपणाचा. मित्रहो, भ्रष्टाचार आणि उदारपणा यांची मुद्दाम गल्लत करणं ही जुनी युक्ती आहे. पण ती चालते तेव्हाच, जेव्हा आपला हिशोब सैल असतो. गरिबाला चांगलं लोणी द्यायचं असेल तर लोण्याची पावती दुप्पट जपून ठेवावी लागते. क्रूक्सला हे उशिरा कळलं. त्या वर्षी त्याचं अध्यक्षपद संपलं.

इथपर्यंतचा क्रूक्स मला आवडतो. व्याख्यान इथे थांबवलं असतं तर सभा खूश झाली असती. पण स्मृतिव्याख्यान म्हणजे आरती नव्हे.

संसदेतला क्रूक्स वॉर्डातल्या क्रूक्सपेक्षा लहान आहे. १९१० च्या जानेवारीत तो हरला, डिसेंबरमध्ये परत जिंकला. १९११ मध्ये सरकारी कामगारांना आठवड्याला किमान तीस शिलिंग मिळावेत हा ठराव त्याने मांडला, हे त्याच्या जातीला शोभणारं. त्याच वर्षी इतर काही मजूर खासदारांबरोबर त्याने असं विधेयक आणलं की संपापूर्वी तीस दिवसांची सूचना बंधनकारक व्हावी. गोदीच्या दरवाजावर उभं राहिलेल्या माणसाला तरी ठाऊक हवं होतं की तीस दिवसांत मालक गोदाम भरून घेतो आणि बदली माणसंही. युनियनांनी ते विधेयक झिडकारलं, बरं केलं.

याहून वाईट १९१२ मध्ये घडलं. मतिमंद माणसांना कायद्याने अलग डांबून ठेवण्याच्या विधेयकावर चर्चा होती. ज्या विचाराला पुढे वंशशुद्धीचं शास्त्र म्हणून फार भयंकर फळं आली, तोच विचार तेव्हा इंग्लंडात सभ्य समजला जाई. उदारमतवादी आणि समाजवादी मंडळीही त्यात होती. क्रूक्स विधेयकाच्या बाजूने बोलला आणि त्या माणसांना त्याने उपद्रवी कीटकांची उपमा दिली. हे सभागृहाच्या नोंदीत आहे. जॉसाया वेजवुड नावाचा सदस्य, कुंभारकामाच्या प्रसिद्ध श्रीमंत घराण्यातला, त्या विचाराला हिरिरीने विरोध करत होता. म्हणजे डांबून ठेवणं काय असतं हे जो लहानपणी भोगून आला होता तो डांबण्याच्या बाजूने, आणि ज्याने कधी उपास काढला नाही तो माणसाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने.

हे कोडं मी बराच काळ मनात घोळवलं. क्रूक्स दुतोंडी होता असं मला वाटत नाही. तो ज्यांच्यासाठी लढला त्यांच्यात त्याला आपण दिसत होतो: कामावर जाऊ पाहणारा बेकार, काम करून थकलेला म्हातारा, आईपासून तोडलेलं पोर. ज्याच्यात त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं नाही, तिथे त्याची दया आटली. कामचुकाराबद्दलही तो असाच कठोर होता. कष्टाने वर आलेल्या माणसाला कष्ट हीच माणुसकीची कसोटी वाटू लागते, आणि ज्याला कष्टच करता येत नाहीत तो मग माणसांच्या रांगेतून बाहेर पडतो. आपल्याकडे ‘मी भोगलंय, मला सांगू नका’ हे वाक्य चळवळीत फार वजनाने वापरलं जातं. भोगलेलं माणसाला स्वयंपाकघरात नेतं, पिठात हात घालायला लावतं. त्याचं हे मोल कुणी नाकारू नये. पण भोगणं एका माणसाचं असतं आणि कायदा सगळ्यांसाठी करायचा असतो. लॅन्सबरी रेल्वेच्या कामावरच्या माणसाच्या घरातला, त्याने क्रूक्सइतकं भोगलं नव्हतं. तो बायकांच्या मताधिकारासाठी १९१२ मध्ये खासदारकी सोडून बसला आणि पुन्हा लढून हरला. स्वतःच्या वाट्याला न आलेल्या अन्यायासाठी तो खुर्ची सोडू शकला. क्रूक्सच्या आयुष्यात असा प्रसंग मला सापडला नाही.

महायुद्ध आलं तेव्हा लॅन्सबरी शांततावादी राहिला. क्रूक्स सैन्यभरतीच्या व्यासपीठांवर गेला. १८ सप्टेंबर १९१४ रोजी अधिवेशन संपताना त्याने सभागृहात राष्ट्रगीत सुरू केलं आणि सगळे सदस्य त्यात सामील झाले. १९१६ मध्ये त्याला प्रिव्ही कौन्सिलचं, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचं, सदस्यत्व मिळालं. तब्येत ढासळत गेली. १९२१ च्या फेब्रुवारीत त्याने खासदारकी सोडली आणि ५ जूनला तो गेला, त्याच लंडन हॉस्पिटलमध्ये, जिथे १८८९ च्या संपानंतर तो पडून होता. टॉवर हॅम्लेट्सच्या दफनभूमीत त्याला पुरलं. अंत्ययात्रेला पॉपलर लोटलं होतं.

तो गेला त्या उन्हाळ्यात पॉपलरमध्ये एक वेगळीच लढाई पेटलेली होती. लंडनची व्यवस्था अशी की प्रत्येक बरोने आपापल्या गरिबांचा भार बहुतांशी स्वतः उचलायचा. श्रीमंत बरोत गरीब थोडे आणि मालमत्ता मोठी, तिथे घरपट्टी कमी. पॉपलरमध्ये गरीब पुष्कळ आणि घरं मोडकी, तिथे घरपट्टी जास्त. गरिबानेच गरिबाला पोसावं, असा हा न्याय. संबंध लंडनने हा भार वाटून घ्यावा ही क्रूक्सची नव्वदच्या दशकापासूनची मागणी. त्यासाठी १८९४ मध्ये एक कायदाही झाला, पण तो अगदीच तोकडा. पॉपलरच्या मजूर कौन्सिलने १९२१ मध्ये अर्ज-विनंत्या बंद केल्या आणि काउंटी कौन्सिल व इतर मध्यवर्ती संस्थांसाठी वसूल करायची पट्टी वसूलच केली नाही. सप्टेंबरमध्ये लॅन्सबरीसह तीस नगरसेवक तुरुंगात गेले. त्यात पाच स्त्रिया होत्या. पुरुष ब्रिक्स्टनला, बायका हॉलोवेला. कौन्सिलच्या बैठका ब्रिक्स्टनच्या तुरुंगात भरू लागल्या आणि त्यासाठी बायकांना हॉलोवेहून मोटारीने आणावं लागे. सहा आठवड्यांनी सरकारने त्यांना सोडलं आणि वर्ष संपायच्या आत कायदा करून बेकार-गरिबांच्या मदतीचा मोठा भाग सगळ्या लंडनवर टाकला.

क्रूक्स जिवंत आणि धडधाकट असता तर त्या तीस जणांत गेला असता का? मला विचाराल तर नाही. तो नियम उघडून दाखवणारा माणूस होता, नियम मोडणारा नव्हता. त्याने लंडनभर सभा घेतल्या असत्या, मंत्र्याला भेटला असता, संसदेत सुंदर भाषण केलं असतं आणि तुरुंगाच्या दाराशी निरोप द्यायला आला असता. पण एक गोष्ट आहे. पट्टी वसूल न केल्याबद्दल नगरसेवक तुरुंगात जात असताना हजारो लोक त्यांना पोचवायला रस्त्यावर आले, कारण ही पट्टी कुठली, ती कोण ठरवतं, कुणाच्या वाट्याला किती येते, हे पॉपलरच्या बाईमाणसाला, हमालाला तोंडपाठ होतं. दुसऱ्या कुठल्या बरोत हे भांडण कुणाला कळलंही नसतं. पॉपलरला ते कळत होतं, कारण एका पिंपवाल्याने डॉकच्या दरवाजावर ते तीस वर्षं शिकवलं होतं.